अंगणांतील झाडें आणि आपला कोयता

चैत्र संपून वैशाखाचें ऊन तापूं लागलें कीं आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत गांवोगांवीं कुऱ्हाडीचा आवाज ऐकूं येऊं लागतो. पावसाळा तोंडावर आलेला असतो. छपरावर पडणारा पाचोळा, विजेच्या तारांपर्यंत गेलेल्या फांद्या, शेजाऱ्याच्या भिंतीवर झुकलेला शेवगा, ह्या सर्वांचा एकदांच निकाल लावावा म्हणून मजूर बोलावला जातो आणि दोन प्रहरांत डेरेदार कडुनिंबाचा उघडाबोडका खांब होऊन बसतो. घरांतील मंडळी समाधानानें सांगतात कीं, 'झाडाची छाटणी करून घेतली.' मुंडनाला केशरचना म्हणावें, त्यांतलाच हा प्रकार आहे.

परसांत चार झाडें असणें ही आपल्या घरांची जुनी रीत. दारीं तुळस, मागें कढीलिंब आणि कागदी लिंबाचें झाड, देवपूजेसाठीं जास्वंद, कण्हेर व प्राजक्त, आणि जागा मोठी असेल तर एखादा आंबा किंवा कडुनिंब. हीं झाडें बहुधा आजोबांनीं लावलेलीं असतात, वडिलांनीं त्यांस पाणी घातलेलें असतें, आणि तोडण्याचा निर्णय मात्र नातवाच्या वांट्याला येतो. घराच्या वाटण्या होतात, नवी खोली काढावयाची असते, मोटार उभी करावयास जागा हवी असते. अशा वेळीं सबंध झाड तोडण्यावांचून गत्यंतर नाहीं असें ज्यांस वाटतें, त्यांच्यासाठीं मुख्यतः हा लेख आहे. कारण ज्या झाडाकडे वर्षांतून एकदां कोणी डोळसपणें पाहिलें आहे, त्यावर कुऱ्हाड चालविण्याची पाळी फारच क्वचित् येते.

छाटणी ही साहेबांच्या बंगल्यांतून आलेली परकी विद्या आहे असा पुष्कळांचा समज असतो. तुळशीवृंदावनापाशीं क्षणभर उभें राहिल्यास तो दूर व्हावा. घरांतील वडीलधाऱ्या बायका तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळीं खुडून घेतात. मंजिरी राहिली तर झाडाचें बळ बीं धरण्यांत जातें आणि खालचीं पानें झडूं लागतात. खुडली तर बगलेंतून नवे फुटवे निघतात. ह्याचें कारण वनस्पतिशास्त्रानें उलगडून दाखविलें आहे. शेंड्याच्या कोंबांत एक द्रव्य तयार होऊन खालीं उतरत असतें व तें बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतें. त्याला ऑक्झिन म्हणतात. शेंडा गेला कीं तो दाब उठतो आणि निजलेले डोळे जागे होतात. आजीनें ऑक्झिनचें नांव ऐकलेलें नसतें, पण तिची तुळस शेजारच्या तुळशीहून दाट असते.

ह्या साध्या गोष्टींतून छाटणीचे दोन अगदीं निरनिराळे प्रकार निघतात, आणि त्यांची गल्लत झाल्यानेंच निम्मी झाडें बिघडतात. शेंडा मारला म्हणजे झाड दाट होतें, एकाचे चार फुटवे होतात. मेंदीच्या कुंपणाला तें हवेंच असतें. उलट एखादी फांदी तिच्या उगमापासून सबंध काढली म्हणजे झाड विरळ होतें, आंत ऊन-वारा खेळतो, आणि तरीहि झाडाचा मूळ घाट बिघडत नाहीं. कडुनिंबाची उंची कमी करावयाची म्हणून जो त्याचे सर्व शेंडे उडवितो, तो दाटी वाढविण्याचा उपाय दाटी कमी करण्यासाठीं योजीत असतो. पुढील दोन वर्षांत त्या बोडक्या खुंटांवर केरसुणीसारखे झुबके येतात आणि झाड पूर्वीपेक्षां अधिक ओबडधोबड व अधिक धोक्याचें होतें.

आपल्या पूर्वजांनीं ह्या विषयाचा विचार केला होता. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेद नांवाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. पानें पिवळीं पडणें, अंकुर न वाढणें, फांद्या वाळणें आणि रस गळणें हीं रोगाचीं लक्षणें सांगून वराहमिहिर पहिला उपचार सांगतो तो शस्त्रानें शोधन करण्याचा. वावडिंग, तूप व चिखल ह्यांचा लेप आणि दूधमिश्रित पाण्याचें शिंपण हें सर्व त्यानंतरचें. 'शोधन' हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. त्यांत तोडण्याचा भाव गौण आणि शुद्ध करण्याचा भाव मुख्य आहे. त्याच अध्यायांत दोन झाडांमध्यें वीस हात अंतर उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात कनिष्ठ, असें सांगितलें आहे. हात म्हणजे सुमारें दीड फूट धरला तर उत्तम अंतर तीस फूट होतें. आपण भिंतीपासून पांच फुटांवर आंबा लावतों आणि पंचवीस वर्षांनीं फांदी खिडकींत शिरली कीं आंब्याला दोष देतों! पुढें सुमारें हजार वर्षांपूर्वीं सुरपालानें ह्याच विषयावर सबंध ग्रंथ रचला आणि झाडांचे रोगहि वात, पित्त व कफ ह्यांच्या भाषेंत सांगितले. त्याचें हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत होतें, डॉ. नलिनी साधले ह्यांच्या इंग्रजी भाषांतरासह तो ग्रंथ १९९६ सालीं सिकंदराबादहून प्रसिद्ध झाला.

परंतु एका बाबतींत वैद्यकाची ही उपमा आपल्याला फसविते. आपल्या बोटाला कापलें तर कांहीं दिवसांनीं जखम भरून येते. मेलेल्या पेशींच्या जागीं नव्या पेशी येतात. झाडाचें तसें नाहीं. अमेरिकेच्या वनखात्यांतील अलेक्स शायगो (१९३० ते २००६) ह्या शास्त्रज्ञानें हजारों झाडें उभीं चिरून त्यांच्या आंतील जुन्या जखमांचा शोध घेतला आणि १९७० नंतरच्या दशकांत आपला सिद्धांत मांडला. तो असा कीं, झाडाची जखम कधींहि भरून येत नाहीं. झाड त्या दुखावलेल्या लाकडाभोंवतीं आंतून भिंती घालतें, कुजणें त्या भिंतींच्या पलीकडे जाऊं नये म्हणून झटतें, आणि वरून दरवर्षीं नव्या लाकडाचा थर चढवीत चढवीत ती जागा झांकून टाकतें. वरून साल मिळून आली तरी आंतील जखम जशीच्या तशी राहते. तीस वर्षांपूर्वींचा कोयत्याचा घाव आजहि त्या खोडाच्या पोटांत असतो.

हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे छाटणीचे बहुतेक नियम न सांगतां कळतात. जखम मिटणार नसेल तर ती लहान असावी. म्हणून फांदी अंगठ्याएवढी असतांनाच तिचा निर्णय करावा, मांडीएवढी झाल्यावर नव्हे. घाव जेथें झाडाला सहज झांकतां येईल तेथेंच घालावा. आणि भिंती घालण्यास जें बळ लागतें तें पानांतून येतें, म्हणून एका वर्षांत चौथ्या हिश्शाहून अधिक पाला कधींहि काढूं नये.

घावाची जागा कोणती, हें जरा विस्तारानें सांगितलें पाहिजे. फांदी जेथें खोडाला मिळते तेथें नीट पाहावें. वरच्या बाजूस, बगलेंत, सालीची एक खडबडीत सुरकुती दिसते. खालच्या बाजूस किंचित् फुगीर अशी वळी असते, बाहीचा काठ मनगटावर घट्ट बसावा तशी. झाडाची संरक्षक शक्ति ह्या वळीपाशीं एकवटलेली असते. कापावयाचें तें वळीच्या लगेच बाहेर, वळीला धक्का न लावतां. वळीसकट खोडाला चाटून कापलें तर खोडाचेंच लाकूड उघडें पडतें. चार बोटें खुंटी ठेवली तर ती वाळते, कुजते, आणि ती कूज हळूहळू आंत उतरते. आमच्याकडील मजूर बहुधा खुंटी ठेवतात, वर चढतांना पाय ठेवावयास बरें म्हणून. हौशी बागवान चाटून कापतात, सफाई दिसावी म्हणून. दोघांच्याहि हातून झाडाचें सारखेंच नुकसान होतें. घाव बरोबर पडला कीं नाहीं, हें वर्षभरानें झाडच सांगतें. बरोबर असेल तर नव्या सालीचें कडें चोहोंबाजूंनीं वाटोळें येतें. चाटून कापलें असेल तर तें दोन्ही अंगांनींच वाढतें आणि वर-खालीं जखम उघडी राहते.

मनगटाहून जाड फांदी एका घावांत कधींहि पाडूं नये. अर्धी कापली जातांच ती स्वतःच्या भारानें मोडते आणि खालची साल हातभर सोलून घेऊन जाते. प्रथम खोडापासून फूटभर अंतरावर खालून करवतीनें तिसरा हिस्सा कापावा; मग त्याच्याहि दोन-तीन बोटें पुढें वरून कापून फांदी पाडावी; आणि उरलेला हलका बुंधा शेवटीं वळीबाहेर सावकाश कापावा. ह्या तीन घावांस एका घावापेक्षां पांच मिनिटें अधिक लागतात.

घाटाखालील एका गांवीं एका जुन्या वाड्याच्या अंगणांतील कडुनिंब मीं अनेक वर्षें पाहत आलों होतों. तीन पिढ्यांचीं मुलें त्याच्या सांवलींत खेळलीं. उन्हाळ्यांत सासर-माहेरच्या साऱ्या मंडळींच्या बाजा त्याखालींच पडत. पाचोळ्याचा कंटाळा येऊन एके वर्षीं तो पुरुषभर उंचीवर सरसकट तोडविला गेला. दोन वर्षांत झाड पुनः हिरवेंगार झालें आणि सर्वांस वाटलें कीं झालें तें बरेंच झालें. परंतु अशा खुंटांवर येणारे फुटवे सालीलगतच्या डोळ्यांतून निघतात. मूळ फांदीसारखे ते खोडाच्या लाकडांत खोलवर रुजलेले नसतात. त्यांची जाडी वाढत गेली, वजन वाढत गेलें, आणि खालीं खुंट आंतून पोकळ होत गेला. सातव्या वर्षीं मृगाच्या वावटळींत त्यांतला एक फुटवा, आतां चांगला मांडीएवढा झालेला, बुडापासून निखळून गोठ्यावर पडला. गाय वांचली, छप्पर गेलें. दुसऱ्याच आठवड्यांत सबंध झाड धोक्याचें म्हणून तोडण्यांत आलें. जें झाड आणखी पन्नास वर्षें उभें राहतें, त्याचा निकाल त्या पहिल्या दुपारींच लागला होता.

आतां काळाचा विचार. आमच्या जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग. बुलढाणा, चिखली, मेहकर इकडे अजिंठ्याच्या डोंगररांगांमुळें हवा थोडी सौम्य असते. मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव, जळगांव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्याचा भाग मात्र मे महिन्यांत ४४-४५ अंशांपर्यंत तापतो. वर्षानुवर्षें सांवलींत राहिलेली साल अशा उन्हांत एकाएकीं उघडी पडली तर ती करपते, तडकते, आणि त्या भेगांतून कीड शिरते. म्हणून वैशाखांतली सरसकट तोड ही घाटाखालीं तर सर्वांत वाईट. त्या महिन्यांत वाळलेल्या वा मोडक्या, खरोखर धोक्याच्या फांद्या तेवढ्या काढाव्या. भर पावसांतहि मोठा घाव घालूं नये, कारण ओल्या लाकडावर बुरशी लवकर धरते. कडुनिंब, प्राजक्त इत्यादि झाडांना थंडी सरत आली असतां, नवी पालवी फुटण्यापूर्वीं, म्हणजे माघ-फाल्गुनांत हात लावावा. त्या दिवसांत पानें झडलेलीं असल्यानें झाडाचा सांगाडा नीट दिसतो, हा आणखी एक लाभ.

फळाफुलांच्या झाडांना एकच प्रश्न विचारावा: तुझें फूल जुन्या काडीवर येतें कीं नव्या? आंब्याचा मोहोर मागील हंगामांत वाढून पक्व झालेल्या काडीच्या टोकाशीं येतो. आश्विन-कार्तिकानंतर ज्यानें आंब्याचे शेंडे छाटले त्यानें पुढील वर्षाचीं फळेंच छाटलीं. आंबा उतरून झाला कीं लगेच, मोठा पाऊस बसण्यापूर्वीं, आंतील गुंतलेल्या व वाळक्या काड्या काढून मोकळें व्हावें. बोरीचें ह्याच्या अगदीं उलट. तिचें फळ नव्या फुटीवर येतें आणि भर उन्हाळ्यांत ती विश्रांति घेते, म्हणून एप्रिल-मे मध्यें तिची कठोर छाटणी केली तरी ती आनंदानें सोसते. न केली तर फळ बारीक होत जातें. पेरूहि नव्या फुटीवर फुलतो. आपल्या डोंगरउतारांवर आपोआप वाढणारें सीताफळ परसांत लावलें तर पानगळीनंतर त्याच्या दाटलेल्या काड्या विरळ कराव्या. शेवग्याचें लाकूड इतकें ठिसूळ कीं शेंगा संपल्यावर तो कमरेएवढा छाटून घेणेंच शहाणपणाचें. उंच वाढलेला शेवगा शेवटीं कोणाच्या तरी कौलांवर उतरतो. नाशिककडील द्राक्षबागाईत वर्षांतून दोन छाटण्या करतात, एप्रिलमधील खरड छाटणी काडी तयार करण्यासाठीं आणि ऑक्टोबरमधील फळ छाटणी घड येण्यासाठीं. जुन्या-नव्या काडीचा हा हिशेब तेथें सबंध धंद्याचा पाया झाला आहे.

लिंबू-संत्र्याच्या बाबतींत आमच्या विदर्भांतील बागाईतदारांचे दोन शब्द घरच्या माणसांनींहि शिकून घ्यावे: सल आणि पाणसोट. सल म्हणजे वाळलेल्या काड्या; फळ उतरल्यावर त्या थोड्या हिरव्या भागासकट काढतात. पाणसोट म्हणजे खोडांतून वा जाड फांदींतून सरळ वर धांवणारा, मोठ्या पानांचा, टवटवीत दिसणारा फुटवा. त्याच्या टवटवीला भुलून पुष्कळ गृहस्थ त्याला राखतात; तो रस खातो आणि फळ देत नाहीं. कलमाच्या सांध्याखालून फुटणारा कोंब तर नखानेंच खुडावा. संत्र्याचें कलम बहुधा जंबेरीच्या खुंटावर असतें, आणि खालचा फुटवा राहिला तर वरचें संत्रें मागें पडून जंबेरी शिरजोर होते. गुलाबाचेंहि तेंच; दोन वर्षांनीं 'आमच्या गुलाबाचा रंगच बदलला' अशी जी तक्रार ऐकूं येते, तिचें मूळ बहुधा डोळा भरलेल्या जागेच्या खालीं असतें.

गुलाबाची छाटणी पाऊस उघडल्यावर आश्विनांत करावी. बाहेरच्या बाजूस पाहणारा डोळा निवडून त्याच्या किंचित् वर तिरकस कात्री चालवावी. सुमारें सहा-सात आठवड्यांनीं फुलें येतात. मोगऱ्याचें पाणी थंडींत तोडून पौष-माघांत त्याची छाटणी केली म्हणजे चैत्र-वैशाखांत घरांतील मुलींना ओंजळी भरून कळ्या मिळतात. जास्वंद नव्या फुटीवर फुलते, तिला फारसें जपावें लागत नाहीं. आंब्यावर दिसणारें बांडगूळ मात्र दिसतांक्षणीं काढावें, आणि तें नुसतें ओढून उपयोग नाहीं, कारण त्याचे तंतु फांदीच्या लाकडांत शिरलेले असतात. शक्य असेल तेथें ती फांदीच त्याच्याखालीं वीतभर कापून टाकावी. त्याचें बीं चिकट असतें व पांखरें तें एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात.

घावाला लेप लावावा कीं नाहीं, हा प्रश्न हमखास विचारला जातो. वराहमिहिराचा वावडिंग-तुपाचा लेप, आपल्या घरचा शेण-मातीचा लेप आणि बाजारांतील रंग, ह्या सर्वांविषयीं शायगोच्या प्रयोगांचा निर्वाळा असा कीं, लेपानें कुजणें थांबत नाहीं. बरोबर जागीं पडलेला घाव उघडा ठेवलेलाच बरा. ज्यांस लावल्यावांचून चैन पडत नाहीं त्यांनीं तो स्वतःच्या समाधानासाठीं लावावा. लिंबू-संत्र्याला मात्र बोर्डो मलमाचा उपयोग खरा आहे, कारण त्या झाडांना बुंध्याशीं डिंक्या रोग होतो व तो बुरशीसारख्या सूक्ष्म जंतूचा असतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी हें त्याचें नेहमींचें प्रमाण. पावसाळ्यापूर्वीं व नंतर तो खोडाला जमिनीपासून हात-दीड हात लावतात. ह्या औषधाची कथा मौजेची आहे. फ्रान्सांतील बोर्दो प्रांतीं रस्त्याकडेचीं द्राक्षें चोरीला जाऊं नयेत म्हणून बागाईतदार त्यांवर मोरचूद-चुन्याचा किळसवाणा निळा सडा घालीत. तेवढ्याच वेलांना केवडा रोग होत नाहीं हें मिलार्दे ह्या अध्यापकाच्या ध्यानांत आलें आणि १८८५ सालीं त्यानें हें मिश्रण प्रसिद्ध केलें.

हत्यारें थोडीं पण धारदार असावीं. काडीसाठीं सिकेटर, फांदीसाठीं बारीक दांत्यांची करवत, आणि कोयता पडलेल्या फांद्यांचे तुकडे करण्यापुरता. रोगट झाडावरून दुसऱ्यावर जातांना पातें स्पिरिटच्या बोळ्यानें पुसावें. शिडीखालीं एक माणूस धरावयास असल्यावांचून वर चढूं नये. विजेच्या तारांजवळील फांदीला घरच्या कोणीहि हात लावूं नये. वीज कंपनीच्या कचेरींत कळवून प्रवाह बंद करवून तिच्या माणसांकडूनच ती काढवावी. हत्यार उचलण्यापूर्वीं पानांआड घरटें नाहीं ना, हें मुलांना पाहावयास सांगावें. त्यांचे डोळे आपल्याहून तीक्ष्ण असतात, आणि घरटें असेल तर दोन महिने थांबल्यानें कांहीं बिघडत नाहीं.

कायद्याचीहि माहिती असावी. नागरी क्षेत्रांतील वृक्षांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९७५ चा आहे, आणि २०२१ मध्यें त्यांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षें व त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळालें. आंबा, चिंच, जांभूळ ह्यांसारखे कांहीं वृक्ष तोडण्यावर १९६४ च्या कायद्याचेंहि नियंत्रण आहे. झाड आपल्या अंगणांत व आपल्या मालकीचें असलें तरी नगरपालिकेच्या हद्दींत मोठें काम काढण्यापूर्वीं तेथें अर्ज करावा. फळझाडांविषयीं अधिक विचारावयाचें असेल त्यांना अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ दूर नाहीं.

छाटलेला पाला जाळूं नये. कडुनिंबाचा पाला वाळवून धान्याच्या कोठींत घालावा, बाकीच्याचे बारीक तुकडे करून झाडांच्या आळ्यांत पसरावे. उन्हाळ्यांत आमच्या काळ्या जमिनीला ज्या हातहात भेगा पडतात, त्या अशा आच्छादनाखालीं पुष्कळ कमी होतात आणि ओल टिकते. रोगट काड्या तेवढ्या वेगळ्या काढून दूर पुराव्या. कण्हेरीचीं पानें व काड्या मात्र गुरांच्या गोठ्याकडे जाऊं देऊं नयेत, चुलींतहि घालूं नयेत. तिचें सर्वांग विषारी आहे, आणि छाटणीनंतर हात साबणानें धुतल्यावांचून मुलांना जवळ घेऊं नये.